ऑलिव्ह तेलाची बाटली आणि जवसाची चटणी

आमच्याकडे माणसे येतात ती बहुधा जमिनीची, नोकरीची नाहीतर अॅट्रॉसिटीच्या केसची कागदपत्रे घेऊन. पण गेल्या काही वर्षांत, काम आटोपल्यावर उठता उठता, एक निराळाच प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. ‘वकीलसाहेब, अँजिओप्लास्टी झाली. आता घरात ऑलिव्ह ऑईल वापरा म्हणतात. बाटलीचा भाव पाहिला तर छातीत पुन्हा कळ येते. काय करायचे?’

हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. चळवळीतल्या किती कार्यकर्त्यांच्या शोकसभांना आम्ही जाऊन आलो! त्यांतले निम्मे साठी गाठण्याआधीच गेले. कुणी मोर्चाहून आला आणि रात्री गेला. कुणी मुलीचे लग्न तोंडावर असताना गेला. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले होते आणि ६५ व्या वर्षी ते आपल्यातून निघून गेले, हे आपण दर ६ डिसेंबरला आठवतो. पण त्यातून स्वतःच्या शरीराची काळजी घेण्याचे मात्र शिकत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाचे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारत-पाकिस्तान-बांगलादेशाच्या भागातील माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांतील माणसापेक्षा हे वय पाच-सहा वर्षांनी कमी आहे. घरातला कमावता माणूस ज्या वयात मुलांचे शिक्षण पुरे करीत असतो, नेमके तेच हे वय.

आम्ही डॉक्टर नाही. कुणी आमचे ऐकून गोळ्या बंद करू नयेत. पण तेलाचा प्रश्न एकट्या डॉक्टरचा नाही. तो बाजाराचा आहे, शेतीचा आहे आणि कायद्याचाही आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ऑलिव्ह तेल चांगले आहे, पण त्यावाचून आपले काही अडलेले नाही. त्यातला जो गुण आहे तो आपल्या मातीतल्या तेलबियांत फार स्वस्तात मिळतो. आणि चांगले तेल विकत आणण्यापेक्षा वाईट तेल घराबाहेर काढणे हे जास्त महत्त्वाचे काम आहे.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती झाली कशी, ते पाहू. अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली सात देशांचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरील लोकांमध्ये हृदयविकार अतिशय कमी आढळला. हे लोक कोण होते? दुसऱ्या महायुद्धात होरपळलेले, शेतात राबणारे गरीब शेतकरी. रानातला पाला, कडधान्ये, जाडीभरडी भाकरी, फळे, थोडे मासे, क्वचित मांस आणि स्वतःच्या झाडांचे तेल, हा त्यांचा आहार. म्हणजे ऑलिव्ह तेल हे तिथे कष्टकऱ्याचे तेल होते! दारातले होते म्हणून खात होते. आज तेच आपल्याकडे मॉलच्या काचेच्या कपाटात जाऊन बसले आणि ज्याच्या घरी ती बाटली तो सुशिक्षित, असा समज पसरला. आमच्यातील नोकरदार वर्गही या समजाला बळी पडला आहे. फ्लॅटमध्ये ओट्यावर ऑलिव्हची बाटली आणि गावाहून आईने पाठवलेली जवसाची पिशवी माळ्यावर, असे चित्र आम्ही बऱ्याच घरांत पाहिले आहे.

दुसरा मोठा पुरावा स्पेनचा. ‘प्रेडिमेड’ नावाच्या प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४४७ माणसांचे तीन गट केले. एका गटाला कुटुंबामागे आठवड्याला एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिले. दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले. तिसऱ्याला फक्त मेद कमी खाण्याचा सल्ला दिला. निष्कर्ष २०१३ साली आले. पुढे गटवाटणीत काही ठिकाणी चूक झाल्याचे उघड झाले, तेव्हा संशोधकांनी तो निबंध मागे घेतला आणि आकडे पुन्हा तपासून २०१८ साली नव्याने छापला. (आपल्याकडे चूक सापडली की आधी चूक दाखवणाऱ्याची चौकशी लागते, हे जाता जाता.) फेरतपासणीतही निष्कर्ष टिकला. पहिल्या दोन्ही गटांत झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारा मृत्यू यांचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते.

यातली खरी गोम जाहिरातवाला सांगत नाही. फायदा तेलवाल्या गटाला झाला तसाच दाणेवाल्या गटालाही झाला. म्हणजे चमत्कार एका बाटलीचा नव्हता. चांगला मेद, भाज्या, कडधान्ये आणि मासे या सगळ्याचा मिळून तो परिणाम होता. रोज सामोसा-कचोरी खाऊन वर सॅलडवर चमचाभर ऑलिव्ह ओतणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

तरीही ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे, मात्र बाटली वाचून घ्यावे. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे फळ दाबून काढलेले, रसायनाविना मिळालेले तेल. ज्या गुणांचे कौतुक होते ते याच्यातच पुरते असतात. ‘पोमेस’ म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेले आणि शुद्धीकरण केलेले तेल. भारतीय स्वयंपाकाला योग्य म्हणून आपल्या गळ्यात बहुधा हेच मारले जाते. ‘लाईट’ असे लिहिले असेल तर ते चवीला आणि रंगाला हलके, उष्मांक तेवढेच. आणि ‘कोलेस्टेरॉल फ्री’ हे शब्द वाचून तर कुणीच हुरळून जाऊ नये. वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नावालाही नसते. करडईच्या तेलात नाही, सरकीच्या तेलातही नाही. मग ते मोठ्या अक्षरात छापण्याचे कारण काय?

आता आपल्या घरातल्या कढईकडे येऊ. आपल्याकडे पाहुण्याला वाढलेल्या रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर यजमान खाली मान घालतो. नागपूरकडे तर्री नसेल तर जेवण जेवण वाटत नाही. ही भावना कुठून आली, याचा विचार वाचकांनी करावा. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या भाकरीवर गेल्या, ज्यांना तेल परवडत नव्हते म्हणून जनावराची चरबी वितळवून भाजी करावी लागली, त्यांच्या लेखी तेल म्हणजे वैभव. आणि तुपाची तर बंदीच होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. तिथल्या एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्या लोकांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. एवढ्याच कारणावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली, पंगतीतल्या माणसांना मारहाण केली. जेवणारे जीव घेऊन पळाले. स्वतःच्या पैशाचे तूप स्वतःच्या ताटात वाढणे हाही गुन्हा ठरला! त्या पंगतीची आठवण ठेवली म्हणजे आपल्या आज्या तेलाची धार इतक्या अभिमानाने का सोडत, ते कळते. त्या धारेला आम्ही हसणार नाही.

पण पुढे काय घडले? १९३७ साली डालडा बाजारात आला. साजूक तूप ज्यांच्या ताटात पडू दिले नाही त्यांना हे तुपासारखे दिसणारे, तुपासारखे गोठणारे स्वस्त वनस्पती तूप मिळाले. सणाला डालड्याच्या पुऱ्या, लग्नात डालड्याची बुंदी. पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडून ते गोठवले, की त्यात ट्रान्सफॅट नावाचा मेद तयार होतो. तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले घटवतो, अशी दुहेरी मार देतो. हे सर्वसामान्य माणसाला कळायला कितीतरी दशके गेली. तोवर दोन-तीन पिढ्यांच्या रक्तवाहिन्यांत ते जाऊन बसले होते. तूप नाकारले गेले, त्याच्या जागी हे आले. यात कुणी ठरवून कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण स्वस्त अन्नाची किंमत नेहमी गरिबाच्या शरीराने चुकवली, एवढे खरे.

मग खावे काय? इथे आम्हाला आपल्या आयाबायांचा हात धरावासा वाटतो.

विदर्भात जवस घरोघर होते. जवसाचे तेल जेवणात होते, जवसाची चटणी भाकरीवर होती. गरिबाघरचे खाणे म्हणून ते मागे पडले. आज तेच ‘फ्लॅक्स सीड’ या नावाने, चकचकीत पाकिटातून, दुप्पट-तिप्पट भावाने परत येत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ मेद असतो. ऑलिव्ह तेलात तो नावापुरता असतो. म्हणजे या एका बाबतीत जवस ऑलिव्हच्या पुढे आहे! मात्र जवसाचे तेल कडकडीत तापवू नये, तळणीला तर नकोच, कारण उष्णतेने हा मेद लवकर बिघडतो. जवस मंद भाजून, कुटून, थोडी थोडी चटणी करावी आणि आठवड्यात संपवावी. अख्खे बी न चावता गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडते. रोज चमचा-दोन चमचे पुरेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावे.

ऑलिव्हची मुख्य ओळख म्हणजे ओलेइक आम्ल. ते त्यात ७० टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या शेंगदाणा तेलात ते निम्म्याच्या जवळपास असते आणि तिळाच्या तेलात ४० टक्क्यांच्या आसपास. फरक आहे, नाही असे नाही. पण भावातला फरक किती पटींचा आहे? सोलापूरकडची शेंगाचटणी, मराठवाड्यातली करडई, कारळाची चटणी, भाकरीवर थापलेले तीळ हा सगळा चांगल्या मेदाचाच साठा आहे. अख्ख्या बीत तेलाबरोबर प्रथिनेही मिळतात आणि तंतूही. शेंगदाण्याबाबत एक सावधगिरी मात्र पाळावी. बुरशी लागलेले, खवट झालेले दाणे चटणीसाठी म्हणून स्वस्तात विकले जातात. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते यकृतावर घाला घालते. दाणा काळा पडलेला, सुरकुतलेला दिसला की फेकावा.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना बांगडा आणि तारली मिळते. पापलेट-सुरमईच्या मागे लागू नये. स्वस्त, तेलकट मासा हृदयाला अधिक चांगला. जवसातल्या ओमेगा-३ चे माशातल्या प्रकारात रूपांतर आपले शरीर फार थोडे करते. म्हणून जे मासे खातात त्यांनी ते सोडू नयेत. पण तळून नव्हे, कालवणात.

आणि एकच तेल वर्षभर धरून बसू नये. एका महिन्यात शेंगदाणा, दुसऱ्यात करडई किंवा मोहरी, अशी अदलाबदल करावी. साधारण २,००० उष्मांकांच्या आहारात माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वरचे तेल पुरते. चौघांच्या घराला महिन्याला सुमारे साडेतीन लिटर झाले. खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या घरी सहा-सात लिटर जात असेल तर ते ऑलिव्ह असो की अमृत, अपाय करणारच. एक ग्रॅम मेद म्हणजे नऊ उष्मांक, हे गणित सगळ्या तेलांना सारखे. पण विटा वाहणाऱ्या बाईला आणि वाढत्या वयाच्या मुलाला ‘तेल कमी खा’ असे सांगणारे पोटभरू डॉक्टर आम्हाला मंजूर नाहीत. तिच्या भाजीत आधीच तेल नाही. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ५ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे साडेसात ग्रॅम तेल हे शासनाचेच प्रमाण आहे. ते खरोखर पातेल्यात पडते का, हे शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या आपल्या पालकांनी जाऊन बघितले पाहिजे.

कुणी म्हणेल, करडईचे तेल तरी आता कुठे मिळते? बरोबर आहे. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनच्या आयातीला मोकळे रान मिळाले. आज देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. इकडे करडईच्या रानात सोयाबीन आले. काट्यांमुळे करडई काढायला मजूर मिळेना. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, पण बाजारभावाचा काटा कोण काढणार? २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर तेल होते. कुठले तेल? पामतेल. पामतेल हे विष नव्हे, पण त्यातला जवळजवळ निम्मा मेद संतृप्त असतो. ज्या घरात वर्षभर दुसरे तेलच येत नाही तिथे हा भार हृदयावर पडतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात गहू, तांदूळ, भरड धान्य आहे, तेल नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. मग शिध्यात महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचे करडई-शेंगदाणा तेल का नको, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्यासारखा आहे. आजवर तो विचारलेला आम्ही तरी ऐकला नाही.

कायदा मात्र कागदावर बरा आहे. तेल-तुपातल्या ट्रान्सफॅटची मर्यादा आधी १० टक्के होती, मग ५ झाली, १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. तेल वापरून केलेल्या पदार्थांतील मेदालाही हीच २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून वनस्पती तूप आता निर्धोक झाले असे समजू नये. गोठवण्यासाठी त्यात संतृप्त मेद असतोच. खारी, टोस्ट, नानकटाई घेताना पाकिटावर पाहावे. ट्रान्सफॅट आणि संतृप्त मेद किती हे छापणे बंधनकारक आहे. डब्यातून मापाने मिळणाऱ्या सुट्या तेलाच्या विक्रीला नियमाने मनाई आहे, राज्याने खास सूट दिली असेल तेवढे वगळून. तरीही वस्त्यांमध्ये दहा-वीस रुपयांचे सुटे तेल राजरोस विकले जाते, कारण रोजंदारीच्या घरात लिटरभराचे पैसे एकदम नसतात. छाप्याने हे बंद होणार नाही. बचत गटाने पंधरा लिटरचा सीलबंद डबा घेऊन सभासदांत वाटून घेतला तर होईल.

तळणीच्या तेलाचाही नियम आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक पोलर घटक तयार होतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासून हे लागू आहे. गाडीवर भजी-वडे तळणारा बहुतेक वेळा आपलाच पोरगा असतो. त्याला आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करू इच्छित नाही. काळे झालेले तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे नोंदणीकृत संकलक आहेत. चार-सहा गाडीवाल्यांनी मिळून कॅन भरला तर चार पैसे सुटतील.

आणि भेसळीची शंका आली तर नुसते चरफडू नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम ४० सामान्य ग्राहकाला हक्क देते. त्याने खरेदीच्या वेळी दुकानदाराला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असे सांगावे, शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्यावा आणि अहवाल घ्यावा. माल कायद्यात न बसणारा निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘हृदयाचा रक्षक’ म्हणून मिरवणाऱ्या तेलाच्या कंपन्यांनाही तो लागू आहे.

जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपली मंडळे हजारोंना जेवण देतात. त्या तेलाचे पक्के बिल समितीच्या फाईलला लागले पाहिजे. वनस्पती तुपातल्या बुंदीऐवजी गूळ-शेंगदाण्याची चिक्की द्यायला काय हरकत आहे? पुऱ्या तळून उरलेले काळे तेल दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या घरांत वाटून टाकण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती येत्या १४ एप्रिलला बंद करावी. ते तेल संकलकाला द्यावे आणि आलेले पैसे विहाराच्या अभ्यासिकेत जमा करावेत.